पालखी तिसऱ्या मजल्यावर

आमच्या संकुलाच्या भिंतीला लागून समुद्र आहे, तरी आत पोहण्याचा तलाव आहे. वाचनालय आहे, त्यात पुस्तकं नाहीत, पण पुस्तकांची चित्रं असलेला कागद भिंतीला डकवलेला आहे. क्लबहाउसाला तर असे खांब आहेत की आत एखादं साम्राज्य कोसळत असावं असं वाटतं. हे सारं पुण्या-मुंबईच्या मालकांसाठी. ते जोडून सुट्टी आली की येतात. बारा महिने राहणारे आम्ही मोजकेच. दापोलीच्या कॉलेजातून निवृत्त झालेला मी, आणि माझ्या समोरच्या दारातल्या काकू.

संकुल उभं आहे ते काकूंच्या आंब्याच्या कलमांच्या बागेवर. मुलांनी बाग बिल्डरला दिली, बदल्यात आईला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण गेल्या शिमग्यात पालखी फाटकावरून पुढे गेली आणि त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवता देऊळ सोडून घरोघर जाते. काकू लग्न होऊन आल्यापासून, अंगण होतं तोवर, ती दरवर्षी त्यांच्या अंगणात येत होती.

"मी काय गाव सोडून गेल्ये?" एवढंच त्या मला म्हणाल्या.

यंदा आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतःच निर्णय घेतला. हे पुण्याचे, निवृत्त मोठे अधिकारी. पालखीचे मानकरी वाट ठरवायला आले तेव्हा मी तिथे होतो.

"सगळं संकुल मिळून एक घर धरा," अध्यक्ष म्हणाले. "पालखी क्लबहाउसात. स्टेज करतोय. निवेदिका बोलावली आहे."

म्हाताऱ्या मानकऱ्यांनी खांबांकडे पाहिलं. "हितं रातचं निजतो कोण?"

"कोणीच नाही. क्लबहाउस आहे ते."

"मग देव कुनाकडं जायचा?"

अध्यक्ष हसले. खेडवळ विनोद ऐकल्यावर हसतात तसे. स्टेज बांधलं गेलंच.

ठरल्या दिवशी ऊन कललं आणि ढोल फाटकातून आत आले. निवेदिकेने "आपल्या लाडक्या पाहुण्यांचं" स्वागत केलं. पालखी स्टेजकडे न वळता सरळ पुढे गेली आणि आमच्या इमारतीपाशी थांबली. लिफ्टमध्ये दांडा मावेना.

"पाहिलंत?" अध्यक्ष धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. "आजींनाच खाली आणा ना. व्हीलचेअर आहे आपल्याकडे. अॅमेनिटीच आहे ती!"

"सायेब, देव घराला येतो," मानकरी म्हणाले. "घर आणा खाली."

आणि भोई जिन्याकडे वळले.

हा जिना आग लागली तर पळण्यासाठी आहे, असं आमच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. प्रत्यक्षात त्यावर चपलांची कपाटं, घडीच्या खुर्च्या आणि कधीही पाणी न पाहिलेली सर्फिंगची फळी होती. आग लागली असती तर आम्ही सगळे त्या फळीला अडखळून शिस्तीत जळून गेलो असतो. दोन वर्षं मी बैठकीत हे सांगत होतो. दर वेळी "सूचनेची नोंद" होत होती. भोयांनी नोंद केली नाही, कपाटं उचलून बाजूला ठेवली.

"अहो, इम्पोर्टेड आहे ते!" दुसऱ्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या.

"मग बाय, तुमीच धरा!" एक भोई म्हणाला आणि कपाट खरंच त्यांच्या हातात दिलं.

प्रत्येक वळणावर दांडा कठड्यावरून बाहेर काढायचा, पालखी फिरवायची, पुन्हा खांद्यावर. अध्यक्ष मागून "रंग! रंग!" करत होते. भिंतीचा.

काकूंनी उंबऱ्याशी रांगोळी काढली होती. दुखऱ्या खुब्यामुळे उभं राहायला त्यांनी माझा दंड धरला. पालखी उंबऱ्यापुढे टेकली, त्यांनी ओटी भरली, नारळ ठेवला.  मला मात्र राग आवरत नव्हता. एका बाईला तिच्याच जमिनीवर आपलं घर हे घर आहे, असं सिद्ध करावं लागत होतं.

मानकऱ्यांनी नारळावर हात ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीचं घर जमिनीवरनं उचलून वर टांगलंनी, तरी तू वाट चुकला नाईस. तिला सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जिनाभर आवाज घुमला.

"आणि हितं दोन दिवस येऊन हुकूम सोडतात, त्यांना बुद्धी दे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला होकार सगळ्यांनीच द्यायचा असतो. अध्यक्ष गर्दीत मधोमध अडकले होते. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. माझा देवावर विश्वास नाही. पण त्या दिवशी सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा" माझा होता.