नामदेवदादाच्या नावाची पाटी

मी जन्मभर वायरमन. करंट असेल तर दिवा लागतो, नसेल तर नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. त्यात आमच्या घरात धम्म घेतल्यापासून अंगारे-धुपारे कायमचे बंद. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टींची मी नेहमी टिंगलच केली. आता हे सांगायचाही कंटाळा येतो... ऐकणारा एक तर हसतो, नाहीतर स्वतःची भुतं काढून बसतो. पण वय झालंय, एकदा लिहून टाकतो.

साल पासष्टच्या आसपास, गाव अकोला. उन्हाळ्याच्या तोंडावर मोर्णेच्या काठच्या मैदानात मीनाबाजार लागायचा. तिथे बाबूमियाँच्या तंबूत एक विलायती मशीन होतं. चार पायांची लाकडी पेटी, वर काच, आत दिवे. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जायची. खाली यायला लागली की दोन्ही बाजूंची बटणं दाबून तिला परत उडवायचं. गोळी आदळेल तसे मागच्या फळीवर आकडे चढायचे. नातवंडांच्या व्हिडिओ गेमचा आजाच म्हणा. सगळ्यात जास्त आकडा आणणाऱ्याचं नाव बाबूमियाँ खडूने पाटीवर लिहायचा. तो आकडा कोणी मोडेपर्यंत पाटी पुसायची नाही. मीनाबाजार तेल्हाऱ्याला जावो की अचलपूरला, पाटी तशीच सोबत.

त्या पाटीवर माझ्या थोरल्या भावाचं, नामदेवदादाचं नाव होतं. दादा कापसाच्या जिनात कामाला होता. तिथे त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा उरला. काम सुटलं, घर वहिनीच्या मजुरीवर आलं, आणि दादा मान खाली घालून चालायला लागला. पण त्या मशीनसमोर तो वेगळाच माणूस असायचा. गोळी सोडण्याआधी अंगठ्याने पेटीवर दोनदा ठोकायचा, टक-टक, आणि त्याच अंगठ्याने बटण असं दाबायचा की दहा बोटंवाले बघत राहायचे. लोक त्याला नामदेवराव म्हणायचे. फक्त तिथेच.

एकदा मशीन बिघडलं आणि बाबूमियाँने मला बोलावलं. दुरुस्तीनंतर आकडे नीट फिरतात का ते बघायला मी झाकण उघडून हातानेच कॉन्टॅक्ट दाबत बसलो. आकडा गेला सात हजार चारशे ऐंशीवर, दादाच्याही वर. मला वाटलं, टेस्टिंग आहे, त्याचं काय एवढं! बिडी ओढून परत येतो तर पाटीवर माझं नाव. मी म्हटलं, अहो, मी खेळलोच नाही. बाबूमियाँ म्हणाला, मशीनने दाखवलं ते खरं. मी हुज्जत घालायला हवी होती. पण दुसरीकडे काम होतं, मी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी दादाने पाटी बघितली. मला एवढंच म्हणाला, "जाऊ दे. घरातच रायली ना पाटी."

त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि पावसाळ्यात कावीळ होऊन दादा गेला.

पुढच्या वर्षी मशीन पुन्हा बंद पडलं, मला पुन्हा निरोप आला. वहिनी म्हणाली, मीही येते. वाटेत मी तिला सगळं सांगून टाकलं. ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, "म्हंजे ते हारले नोयते. भाऊजी, एवढं त्याईले सांगाचं होतं तुमी."

भर दुपार होती. तंबूत आम्ही तिघंच. दादाचं नाव परत लिहा म्हणून मी बाबूमियाँच्या विनवण्या केल्या. तो म्हणाला, आकडा मोडा, लिहितो. मी प्लग काढला, वायर खांद्यावर टाकली, आणि झाकणाला हात लावणार तोच लाकडावर आवाज आला... टक-टक.

वहिनीचे दोन्ही हात पदरात होते. बाबूमियाँ लांब स्टुलावर. काचेखालचे दिवे लागले. गोळी वर गेली. उजवं बटण आपोआप आत जात होतं, बाहेर येत होतं, आणि आकडे चढत होते. प्लग माझ्या छातीवर लोंबत होता, तो मी मुठीत घट्ट धरला. सात हजार चारशे नव्वदवर आकडा थांबला आणि दिवे गेले.

बाबूमियाँ उठला. त्याने माझं नाव पुसलं आणि नामदेव लिहिलं. वहिनीला वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांजवळ बोट नेलं, टेकवलं मात्र नाही.

"हे त्याईचंच नाव हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग चाला घरी."

ते मशीन मी नंतर सगळं खोललं. बॅटरी नाही, दुसरी वायर नाही. आतली कॉइल जळून कोळसा झालेली, म्हणजे प्लग लावूनही ते चाललं नसतं. इतकी वर्षं डोकं शिणवलं, उत्तर मिळालं नाही, आणि आता शोधायचं त्राणही नाही.

एकच गोष्ट मनातून जात नाही. दादा खेळायला लागला की थांबायचा नाही, आधीचा आकडा मोडल्यावरही हजार-दोन हजार सहज वर जायचा. त्या दुपारी माझ्यापेक्षा दहाच जास्त घेतले आणि थांबला. धाकट्या भावाला फार खाली पाडायला नको म्हणून थांबला असेल का... हे विचारायला आता वहिनीही नाही.