ह्वापोच्या आजीचा तीळ

आमचे हे, म्हणजे प्यो गी-थे, या तालुक्याच्या गावात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवतात. कामाला अगदी गोगलगाय. एका ओळखपत्राच्या फोटोला अर्धा दिवस. चेहरा संगणकाच्या पडद्यावर ताटाएवढा करायचा आणि डागन् डाग हाताने हलकेच पुसायचा. बाजारात कुणी भेटलं की माझ्या कानाशी लागायचे, "हिच्या डाव्या भुवईत खोक पडलेली आहे, बघ." नाव विचारा, पत्ता नाही. गिऱ्हाइकं ताटकळायची आणि बोलणी खायची मी, कारण गल्ल्यावर मी बसते ना.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर सनदोंग गावच्या म्हाताऱ्या मंडळींचे फोटो काढायला गेलो. अंत्यविधीत ठेवायचा फोटो जिवंतपणीच काढला की आयुष्य वाढतं म्हणतात. बेचाळीस जण होते. स्टूल एका जागी पक्कं केलं, बायकांना आळीपाळीने एकच रेशमी जाकीट चढवलं आणि केस मी विंचरले.

ह्वापो गावची लेक, म्हणून सगळे जिला ह्वापोची आजी म्हणत, ती ब्याऐंशीची. स्टुलावर बसताना यांना बजावून म्हणाली, "सुरकुत्या काढा हव्या तेवढ्या, डोळ्याखालचा तीळ ठेवा. आमचे धनी एकोणतिसाव्या वर्षी समुद्रात बुडून गेले. श्राद्धाला दरवर्षी जेवायला येतात. पुढे माझाही फोटो तिथे त्यांच्याशेजारी लागेल. या थेरडीला ते ओळखतील ते तिळावरूनच."

सगळे खो खो हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी बालवाडीचं काम होतं. एका फोटोवर केलेली दुरुस्ती सगळ्या फोटोंवर एकदम कशी टाकायची, ते मला भाचीने शिकवलं होतं. मी यांच्या मागे लागले. मेल्यावर बघायचे फोटो, त्यात कोण भिंग घेऊन बसणार आहे, असं म्हणाले मी. जळो माझी जीभ! कटकट नको म्हणून यांनी ऐकलं. पहिला फोटो सनदोंगच्या सरपंचांचा, त्यांच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग. ते पुसले आणि बटण दाबलं. स्टूल एकच, त्यामुळे सगळ्यांची तोंडं एकाच जागी, आणि त्या जागी जे काही होतं ते सगळ्यांचंच पुसलं गेलं. बेचाळीस चेहरे चहा निवायच्या आत लख्ख. यांनी ते मूळ फोटोंवरच साठवले, कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं आणि आम्ही बालवाडीकडे पळालो.

फोटो हातात पडल्यावर आजी उकडलेली रताळी घेऊन दुकानात आली. तीळ कुठे गेला, म्हणाली. हे आत कामात होते. मी फोन कानाला लावलेला, उद्या बसवून देतो म्हणून तिला वाटेला लावलं. आठवड्याने पुन्हा आली, पुन्हा तेच. यांना सांगायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी तिच्या मुलाचा फोन आला. आई गेली, दुपारपर्यंत फोटो पाहिजे, आणि तिचा तीळ तेवढा घाला. हे पडद्यासमोर बसले. एक काळा ठिपका द्यायचा, क्षणाचं काम.

"कुठल्या डोळ्याखाली गं?"

हनुवटी धरून मी तिचे केस विंचरले होते. मला सांगता येईना. मुलाला विचारलं, तर तो आधी उजव्या म्हणाला, मग डाव्या. त्याच्या फोनमध्ये सगळे नातवंडांचे फोटो, त्यांत आजीचा हात तेवढा दिसायचा. पूर्वी यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण या चेहऱ्याला यांचा हातच लागला नव्हता. प्रेत शवागारात होतं, तिचं तोंड घरच्यांना दिसणार ते दुसऱ्या दिवशी, शवपेटीत ठेवताना. शेवटी फोटो तिळाविनाच गेला, आणि लोक त्यालाच नमस्कार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा तिची सून पेटी बंद करून नुकतीच बाहेर आली होती. तिने आपल्याच डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "इथे होता."

हे तसेच परत फिरले. अंत्ययात्रेआधी नवा फोटो चौकटीत बसला, तीळ जिथल्या तिथे.

येताना बसमध्ये हे म्हणाले, "तीळ कुठे होता ते कळायला तिचं प्रेत बघावं लागलं. एकदा जरी दुकानात आली असती, तर मी नीट पाहिलं असतं."

ती दोनदा आली होती, हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.