आठाची मधली रेघ

दवाखान्यात सिस्टरने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, की मला पुलगावचा तो दुरुस्तीवाला आठवतो आणि सुई टोचायच्या आधीच डोकं तापतं. माझ्या पहिल्या कमाईतून घेतलेला कॅल्क्युलेटर मी त्याच्याकडे नेला होता; आठ दाबला की मधली आडवी रेघ उमटायची नाही आणि शून्य दिसायचं. "मेला हा, काकाजी. भंगारातच जाईन. ठेवून जा, शंभर देतो," तो चार गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाला, पण बोलताना त्याने तो हातातून खाली ठेवला नाही. सारी उमर घासाघिशीत गेलेल्या माणसाला माल कामाचा आहे हे ओळखायला एवढं पुरतं. मी तो हिसकावून घरी आणला, अंगणात उन्हात बसून मागचे चार स्क्रू काढले, आकड्यांच्या काचेपर्यंत वीज पोचवणारी रबराची काळी पट्टी उचलली आणि घरच्याच कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून ती हलक्या हाताने पुसली. पट्टी परत बसवून आठ दाबला, तर रेघ लख्ख उमटली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या काउंटरवर आठांची ओळ दाबून दाखवली. "पाचशे घ्या, काकाजी," तो लगेच म्हणाला. असल्या जुन्या मालाला नागपुरात शौकीन गिऱ्हाईक मिळतं, हे त्याला ठाऊक होतं. मी नुसती मान हलवत त्याला दोन हजारांपर्यंत चढवलं आणि सगळं दुकान ऐकत असताना विचारलं, "मेलेल्याचे इतके पैसे काऊन देऊन राह्यला, बापू?" मग कॅल्क्युलेटर खिशात टाकून निघालो. अजूनही रस्त्यात भेटला की तो हळूच विचारतो, "हाय का तो, काकाजी?" मी खिसा रिकामा असला, तरी त्यावर हात तेवढा ठेवतो.