झबल्याचं कापड

सुरतच्या कापड दुकानदारांवर माझा अजिबात विश्वास नव्हता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका कापड मिलमध्ये कामाला होतो, त्यामुळे कापडातली लबाडी मला लगेच कळते, असा माझा तोरा. तान्ह्या लेकीचं अंग घामोळ्यांनी भरलेलं, म्हणून तिच्या झबल्यांसाठी निव्वळ सुती कापड हवं होतं.

"प्योर कॉटन छे, भाऊ," सुरतच्या बमरोली भागातला एक दुकानदार म्हणाला.

मी ताग्यातून एक धागा ओढला आणि काडी पेटवून त्याला लावली. सुती धाग्याची राख होते. याची कडक काळी गोळी झाली. मग मी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं. लेकरांच्या अंगाला प्लास्टिक गुंडाळता, लाज वाटत नाही? बायको बाही ओढत होती, पण मी कसला थांबतोय!

दुकानदारानं तागा उलगडला आणि काठावरचा शिक्का माझ्यापुढं धरला. 'शंभर टक्के कॉटन.' शिक्क्याचा डावा कोपरा उमटलाच नव्हता.

आमच्या मिलमधल्या शिक्क्याचा तोच कोपरा तुटलेला होता. शेठ पुढ्यात टाकील त्या ताग्यावर तो शिक्का रोज मीच मारायचो, कधी एकही धागा न जाळता.