माझ्याकडून हरणारं मशीन

बुद्धिबळाचं मशीन विकत घेताना त्याचं मॅन्युअल दुकानातच सोडून किंमत कमी करून घेऊ नये.

हे वाक्य मी आता शांतपणे लिहितोय. त्या दिवशी कॉलेज रोडवरच्या त्या दुकानातून बाहेर पडलो तेव्हा मात्र मी स्वतःवर भयंकर खूश होतो. दुकानात 'एकच भाव' अशी पाटी होती. (अशी पाटी दिसली की माझे हात शिवशिवतात.) खोक्यातलं नवं मशीन मी हातातसुद्धा घेतलं नाही. घ्यायची वस्तू आधी हातात धरायची नाही, हा धंद्यातला पहिला नियम. काउंटरवर मांडलेल्या, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांनी बोटं लावून चिकट करून ठेवलेल्या मशीनकडे मी फक्त हनुवटीने खूण केली.

"ते डिस्प्लेचं आहे, काका."

"म्हणजे वापरलेलं."

"चालू कंडिशन आहे एकदम."

"चालू आहे म्हणजे झिजलंय. कमी करा."

त्याने थोडे कमी केले. मी म्हणालो, खोकं नको. आणखी थोडे कमी झाले. सेल माझे मी घालीन म्हणालो. आणखी थोडे. शेवटी त्याच्याकडे कमी करायचं निमित्त उरेना, तेव्हा मीच मशीनखालचं जाडजूड पुस्तक काढून त्याच्याकडे सरकवलं. "हे मॅन्युअलपण ठेवा तुम्हाला. याचे किती कमी?"

"काका, त्याच्याशिवाय सेटिंग कसं कळणार?"

"मी कळवणहून नाशकात आलो तेव्हा मला कुणी मॅन्युअल दिलं होतं?"

त्याने पुस्तक आत ठेवलं आणि आणखी थोडे कमी केले. मी मशीन पिशवीत घातलं. पिशवी घरूनच नेली होती.

आता द्राक्षांचे क्रेट आणि पॅकिंगची खोकी विकणाऱ्या माणसाला बुद्धिबळाचं मशीन कशाला हवं, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण आमचे व्याही. वैद्यसर. गणिताचे निवृत्त प्राध्यापक. माझी थोरली प्राजक्ता मी त्यांच्या निखिलला दिली. (दिली म्हणजे तिनेच ठरवलं. मला फक्त हॉलचं भाडं कमी करायला पाठवलं.) साखरपुड्याच्या दिवशी गुरुजींना यायला उशीर होता, तेव्हा सरांनी पट काढला. "आप्पा, होऊन जाऊ दे एक डाव?" मी बसलो. गुरुजी चपला काढून आत येईपर्यंत मला मात झाली होती! दोन्हीकडचे पाहुणे गोळा झालेले. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असू द्या हो. बुद्धिबळात समोरच्याशी बोलून काही कमी होत नाही."

हशा पिकला. सगळ्यात आधी माझी बायको सुमन हसली.

ज्या माणसाने बोलण्याच्या जोरावर सायकलवरून टेम्पोपर्यंत आणि टेम्पोवरून गोडाऊनपर्यंत मजल मारली, त्याच्या बोलण्याची ही किंमत! लग्नाला वर्षं झाली, पण ते वाक्य माझ्या घशातून खाली उतरलेलं नव्हतं. म्हणून मशीन.

मशीन मात्र छान होतं. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात बारीक लाल दिवा. त्याची चाल असली की दिवे लागायचे, ती सोंगटी आपण उचलून ठेवायची. एका बाजूला बटणांची रांग. त्यातली दोन मला लगेच समजली. बल्बचं चित्र असलेलं दाबलं की आपण काय खेळावं ते मशीनच दाखवायचं, आणि उलट्या बाणाचं दाबलं की आपली चाल परत. हे दुसरं बटण ज्याने बनवलं तो नक्कीच बाजारात उठबस असलेला माणूस असणार! मशीनने माझा घोडा मारला की मी बाण दाबायचो. सौदा मान्य नाही, पुन्हा पहिल्यापासून बोला. शिवाय माझी सोंगटी मी धोक्याच्या घरात नेली की मशीन 'टिंग' करायचं. मग मी ती सोंगटी न सोडता या घरात टेकवून बघ, त्या घरात टेकवून बघ, असं करत टिंग होणार नाही तिथे ठेवायचो. उरलेल्या बटणांच्या वाटेला मी गेलो नाही. चालू वस्तूला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम.

सुरुवातीला तरीही हरलो. रोज हरलो. मी त्याला शिव्या दिल्या, एकदा रागाने सेल काढून ठेवले, एक दिवस त्याच्याशी अबोला धरला. मग हळूहळू फरक पडायला लागला. आधी मी लवकर हरायचो, ते उशिरा हरायला लागलो. मग एक बरोबरी. आणि मग एका संध्याकाळी मशीनने आपला वजीर आपल्या हाताने माझ्या प्याद्यापुढे आणून ठेवला, मी तो घेतला, आणि जिंकलो! आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "वेल डन!"

"कोण बाई बोलतीये?" स्वयंपाकघरातून सुमन.

"मशीनमधली! मी जिंकलो!"

"मग भाजी आणायला जा आता."

त्या आनंदात मी पिंपळगावच्या एका पॅकहाउसवाल्याला त्याने न मागता क्रेटचा दर कमी करून दिला. तो घाबरला. त्याने पुन्हा फोन करून विचारलं, "आप्पा, तब्येत बरी हाय ना?"

नंतर तर मी रोजच जिंकायला लागलो. मशीन कधी हत्ती सोडून द्यायचं, कधी राजा घेऊन माझ्याकडे चालत यायचं. मला त्याची दया यायला लागली. धाकटा केदार, ज्याचं लग्न ठरलेलं होतं आणि जो दिवसभर फोनमध्ये असायचा, त्याने एकदा मान वर करून विचारलं, "पप्पा, ते कुठल्या लेव्हलवर आहे?"

"माझ्या लेव्हलवर!" मी म्हणालो.

किती खरं बोललो होतो मी!

अधिक महिना लागला. जावयाला बोलवून धोंड्याचं जेवण घालायचं, वर ताटभर अनारसे द्यायचे, हा आमच्याकडचा रिवाज. निखिल आला, प्राजक्ता आली, आणि वैद्यसर पण आले. हातात लाकडी पटाची पिशवी. पुरणाचे धोंडे खाऊन होत नाहीत तोच सर म्हणाले, "काय आप्पा, हिंमत आहे का?"

"आहे. पण फुकट खेळणार नाही," मी म्हणालो. "मी जिंकलो तर साखरपुड्यात जे बोललात ते केदारच्या लग्नात, माइकवर, मागे घ्यायचं."

सर हसले. "घेईन. आणि मी जिंकलो तर?"

मी काही बोलायच्या आत सुमन बोलली. "तर केदारच्या बस्त्याला यांनी दुकानात तोंड उघडायचं नाही. भावाचं काय ते सर बोलतील."

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, एकाच बैठकीत, एकाच दुकानात. शालूपासून मावशीच्या जावेच्या आहेरापर्यंत. आणि बस्ता म्हणजे माझं मैदान! प्राजक्ताच्या बस्त्याला मी वारंवार चपला घालून उठून गेलो होतो, आणि वारंवार शेठ मला रस्त्यावरून हाताला धरून परत घेऊन आला होता. शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला. सुमन लाजेने शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसली होती, ते तिच्या डोक्यात अजून होतं.

"सुमन, तू माझ्या बाजूची आहेस का त्यांच्या?"

"मी साड्यांच्या बाजूची आहे. मला यंदा नीट बघून घ्यायच्यात."

"मंजूर!" मी म्हणालो. रोज जिंकणाऱ्या माणसाला कसली भीती?

डाव सुरू झाला. पहिल्या काही चाली ठीक गेल्या. मग मी वजीर उचलला आणि सवयीने एका घरात टेकवून कानोसा घेतला. काही आवाज नाही. दुसऱ्या घरात टेकवला. तिथेही नाही. तिसऱ्या घरात टेकवून तर मी कान पटाजवळ नेला.

"आप्पा, वास घेताय का?" सर म्हणाले. "ठेवा आता कुठेतरी."

टिंग झालं नाही म्हणजे धोका नाही, असं समजून मी वजीर ठेवला. सरांनी तो उचलून आपल्या बाजूला घेतला, चहाचा कप उचलावा इतक्या सहज. माझा अंगठा आपोआप पटाच्या कडेला गेला आणि लाकूड दाबायला लागला.

"काय शोधताय?"

"बाण... काही नाही. ही चाल मी परत घेतो."

"परत?"

"अहो, एक चाल! घरातल्या माणसात काय एवढं?"

"हात लावला की चालवायचं, आप्पा. तुमच्या बाजारात नसेल, इथे आहे."

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. माझा राजा एका कोपऱ्यात अडकला. सर "शह" म्हणाले, मग "मात" म्हणाले, आणि सुमन म्हणाली, "अनारसे घ्या ना सर अजून."

मी तडक आत गेलो आणि मशीन घेऊन आलो. "याच्याशी खेळा! याला मी रोज हरवतो. याला हरवून दाखवा, मग मानतो!"

सर खेळले. मशीनने हत्ती दिला. मग वजीर दिला. मग राजा घेऊन फिरायला निघालं. सरांच्या कपाळाला आठी पडली. "हे असं का खेळतंय? बिघडलंय का?"

तेवढ्यात केदारने फोनवर कुठूनतरी त्या मशीनचं मॅन्युअल शोधून काढलं. (फुकट! दुकानदाराने मला त्याचे कमी करून दिले होते, तेवढंच समाधान.) त्याने रांगेतलं एक बटण दाबून धरलं. मशीनच्या छोट्या पडद्यावर काही अक्षरं आली. ती वाचून तो आधी निखिलकडे बघायला लागला आणि मग दोघं हसायला लागले.

"पप्पा, हे लर्निंग मोडवर आहे. समोरचा कसा खेळतो ते हे शिकतं. समोरचा हरत राहिला की स्वतःची लेव्हल कमी करतं, त्याचा उत्साह जाऊ नये म्हणून."

"मग आता किती कमी झालीये?" सरांनी विचारलं.

केदारने पुन्हा बटण दाबून बघितलं. "याच्या खाली आता काही नाहीये. इथून खाली गेलं तर बंदच पडेल."

म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं मी शिकतोय. शिकत मशीन होतं! माझ्याइतकं वाईट कसं खेळायचं, ते बिचारं जीव तोडून शिकत होतं. केदारने सेटिंग बदलून ते साध्या लेव्हलला आणलं, टिंग बंद केलं. मी चिडून एक डाव खेळलो. त्याने मला सरांपेक्षा लवकर गुंडाळलं, आणि ती बाई यावेळी काहीच बोलली नाही.

मी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. "काय हो, हे कसलं मशीन दिलंत? हे मुद्दाम हरतंय!"

"काका, डिस्प्लेला आम्ही त्याच मोडवर ठेवतो. पोरं जिंकली की आईबापांकडे हट्ट करतात. पुस्तकात लिहिलंय सगळं पहिल्याच पानावर. आणि खाली आलं त्यात नवल काय? तुमच्यापुढे तर मी पण आलो होतो."

फोन स्पीकरवर होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

अधिक महिना संपला आणि बस्त्याचा दिवस आला. दुकानात पांढऱ्या गादीवर मला मधोमध बसवलं. एका बाजूला सुमन, दुसऱ्या बाजूला सर. शेठने मला बघितलं तसं त्याने आधी पंखा माझ्याकडे वळवला, पाणी मागवलं आणि खाकरून घसा साफ केला. साड्यांचा ढीग पडला. सुमनने मन भरेपर्यंत निवडल्या. मग शेठने एकूण आकडा सांगितला आणि माझ्याकडे बघून सावरून बसला.

मी गप्प.

"ठीक आहे," सर म्हणाले. "बिल करा."

काय यातना झाल्या ते मलाच माहीत! चेहरा लाल झाला, कानशिलं तापली, दातावर दात घट्ट बसले. पण शब्द तो शब्द. शेठ माझ्याकडे बघत होता. त्याने मला आरडाओरडा करताना बघितलं होतं, उठून जाताना बघितलं होतं, असं कधी बघितलं नव्हतं.

"आप्पा... जास्त वाटतंय का? बरं, थोडे कमी करतो."

मी गप्प.

"अहो, नको नको," सर घाईने म्हणाले. "मघाचा भाव योग्यच होता."

हे ऐकून माझ्या तोंडातून नुसता हुंकार निघाला. शेठने पटकन आणखी कमी केले. "आप्पा, जुने संबंध आहेत आपले. काही चुकलं का माझं? प्राजक्ताताईच्या वेळचं काही मनात आहे का?" मी छताकडे बघितलं. त्याने आणखी कमी केले, वर नवरीच्या शालूवर एक पैठणी ठेवली आणि सुमनला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!"

प्राजक्ताच्या वेळी दिवसभर भांडून जेवढं कमी झालं होतं, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कमी झालं. बाहेर आल्यावर सर सगळ्यांना सांगत होते की भाव करायला शांत स्वभाव लागतो. सरांनी केलेला भाव! मी त्यावरही बोलू शकलो नाही, कारण सुमनच्या मते आम्ही अजून दुकानाच्या पायरीवर होतो.

ही गोष्ट गल्लीत पसरली. आता शेजारीपाजारी कुणाचाही बस्ता असला की मला मानाने बोलावतात, गाडीत पुढे बसवतात, दुकानात मधोमध जागा देतात आणि निघताना हात जोडून एकच विनंती करतात. आयुष्यभर मी समजत होतो की माझं तोंड हेच माझं भांडवल. ते खरंच आहे म्हणे, फक्त ते बंद ठेवावं लागतं.