आधी लोकर, मग माणूस

दारव्ह्याच्या ठेसनावर छोटी गाडी सुटायला आली होती. बाबांनी माझी पेटी आत सरकवली. वहिनी खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तिकडली बायको आणसान तं थे हिंदीत भांडन. तुमाले समजन तरी काय?"

सगळे हसले, बाबा सोडून. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. तेव्हापासून आमच्या बोरी गावात काहीजण त्यांना रस्त्यात अडवून विचारत, "देव सोडले, आता भूक बी सोडता काय?" गाडी हलताना बाबांनी मला एवढंच सांगितलं, "कोनी हासलं तं आयकून घेऊ नोको."

सहावीतून शाळा सोडलेल्या मला कानपूरच्या लोकरीच्या गिरणीत काम लागलं, ते गावाकडच्या एका मुकादमांच्या शब्दावर. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. चूक झाली तर त्यांचं नाव जाईल, या धास्तीनं पहिले काही महिने मी मशीनवरून नजर काढली नाही. मशीनचं नाव टीझर. काटेरी रुळांत लोकरीचे गठ्ठे घालायचे, पलीकडून ती मोकळी होऊन येते.

काम जमलं, माणसं जमली नाहीत. खोलीत माझ्यासोबत उन्नावचा रामदीन होता, आणखी दोघे होते. मी 'का'ऐवजी 'काहून' म्हणायचो. रोटी शेकताना रामदीन त्याची नक्कल करायचा, "काहून? काहून भैया?" मी बाबांचं ऐकलं. थाळी उचलली आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवलो. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग नक्कल बंद झाली. रामदीन मला 'आप' म्हणू लागला, माझ्या बादलीला हात लावायचा तरी विचारून. तो अख्खा हिवाळा मला कुणी हसलं नाही, आणि तेवढं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

आमच्या खात्यात थॉमसबाबू हजेरी घ्यायचे. जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यांना मशीनच्या नावाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, जुन्या काळी इंग्रज हातानं लोकर विंचरून तिचे धागे सुटे करत, त्याला टीझ म्हणत. कापडावर लव उठवायला एका काटेरी झाडाची सुकलेली बोंडं वापरत, त्या झाडाचं नावही याच शब्दातून आलं. "और चिढ़ाने को भी वही कहते हैं," ते म्हणाले. "पहले ऊन को, बाद में आदमी को."

मी मशीनकडे परत गेलो. गठ्ठा दाबून घातला की लोकर तुटते, हलक्या हातानं सोडला की सुटते, हे मला रोजचं होतं. बाबांच्या वाट्याला तुटणंच आलं होतं. त्यांनी मला त्यापासून वाचायला शिकवलं, दुसरं ते कुठून शिकवणार?

इकडे एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. त्या संध्याकाळी रामदीन म्हणाला, "आज हम नहीं खाएँगे. हमारा पेट ठीक नहीं."

मी म्हणालो, "दिखते तो अकेले हो. बाकी लोग कहाँ हैं? उनकी रोटी मले दे दो."

रामदीननं माझ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "काहून?" आणि चौघंही हसत सुटलो. पुन्हा पायरीवर जेवायची वेळ आली नाही.

आता रजेवर बोरीला येतो तर, वहिनी, तुम्ही सगळे माझ्यासाठी खुर्ची टाकता. शेजारून कपबशी आणता. गेल्या खेपेला तोंडातून निघून गेलं, "हम थकलो." सगळ्यांनी ऐकलं. बाबांनी कौतुकानं मान हलवली. वहिनी, तुम्ही पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला आत निघून गेलात. मी खुर्चीत बसून, तुम्ही चिडवाल याची वाट पाहत होतो. तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा चेहरा नीट केलेला होता.

घर म्हणजे काय, असं इथं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. मला ते आत चुलीपाशी, माझ्यापासून लपवून, तुम्ही एकट्याच हसलात तेवढं वाटतं.