भांडणाआधीचे पाणी

गोंडपिपरीच्या इंटरनेट कॅफेत मी तक्रारअर्ज टंकित करावयास जात असे. शेजारच्या संगणकावर एक बाई रोज मराठी मदतमंचावर अनोळखी लोकांच्या अडचणी सोडवीत बसत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही.

एकदा कुणा शिक्षिकेचा संगणक बंद पडला. तिच्या दिवंगत वडिलांचे सारे फोटो त्यातच होते. मंचावरच्या एका गृहस्थाने ठणकावून सांगितले, ‘डिस्क फॉरमॅट करा.’ म्हणजे फोटो कायमचे पुसा!

मी संतापलो. "हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. त्याला नोटिशीच्या भाषेत खडसवा!"

बाईंनी कीबोर्डवरून हात काढले आणि पदराने चष्मा पुसला.

"काऊन भाऊ? कोनी भांडाले आला तरी पहिले पानीच देतो ना आपन त्याले? पानी पिल्यावर मानूस आयकते."

मग त्यांनी लिहिले, ‘तुमच्या उपायाने संगणक सुरू होईल, हे खरे. पण फोटो जातील. आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून ते काढून घ्यायचे का?’

थोड्याच वेळात त्याच गृहस्थाने चूक मान्य केली आणि फोटो वाचवण्याची रीत सविस्तर लिहिली. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने कळवले, ‘बाबा सापडले.’

माझे अर्ज आजही जहालच असतात. पहिले वाक्य मात्र पाण्याचे असते. कायद्यात तशी तरतूद नाही.